मागच्या ट्रॉलीचा जोड

वाशीत शंभुलिंग आप्पांच्या वेल्डिंगच्या दुकानाला पाटी नाही. मोडलेलं लोखंड घेऊन निघालेला माणूस विचारत विचारत बरोबर तिथंच येतो, मग पाटी कशाला, असं त्यांचं म्हणणं. पत्र्याची शेड, पुढं कडुनिंब, त्याच्याखाली वाकलेले फाळ आणि कुणाच्या तरी गेटची एकच बाजू. आप्पा मूळचे उमरग्याकडचे. सोळाव्या वर्षी हायवेवर ट्रकची बॉडी बांधणाऱ्या एका उस्तादाच्या हाताखाली लागले, बारा वर्षं तिथं काढली, आणि बायकोचं, म्हणजे उमादेवीकाकूंचं माहेर वाशीचं म्हणून इकडं येऊन बसले. वय सत्तावन्न. शाळा सातवीपर्यंत. डाव्या डोळ्यातनं सारखं पाणी येतं आणि दोन्ही मनगटांवर ठिणग्यांचे बारीक पांढरे डाग आहेत, तांदूळ सांडल्यासारखे.

माणूस गरीब आहे, पण अभिमान पाटलाचा. त्यांचं एक वाक्य सगळ्या तालुक्याला पाठ आहे: "शेजारचं लोखंड फाटंल, माझा जोड फाटणार न्हाय." तीस वर्षांत ते खोटं ठरल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी वायरची मशीन आणली. त्याआधी रॉडची होती. त्यात एक कांडी जळली की दुसरी लावायची. वायरच्या मशीनमध्ये तारेचं रीळ बसवतात. दोन छोटे रोलर ती तार ओढतात आणि लांब पायपातनं हातातल्या टॉर्चच्या तोंडाशी आणून सोडतात, सोबत गॅस. बटण दाबलं की तार आपोआप येत राहते, वितळत राहते. मशीन खुशीत असली की कढईत भजी सोडल्यासारखा एकसारखा आवाज येतो. जोड वरनं असा गुळगुळीत दिसतो की गिऱ्हाईक बोट फिरवतं.

आमच्या ऊसतोड संघटनेचं कार्यालय त्यांच्यापासून चौथं दार. यंदा दसरा झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या लोखंडी दाराची बिजागरी जोडून दिली. चौथ्या दिवशी सकाळी मी दार ढकललं आणि बिजागरी हातात आली. हातातच. दार कलंडून माझ्या पायावर पडता पडता राहिलं.

माझं डोकं तापायला फार लागत नाही. बिजागरी घेऊन तडक दुकानात गेले आणि त्यांच्या टेबलावर आपटली. चार गिऱ्हाइकं असती तर चौघांसमोर आपटली असती.

"आप्पा, हे काय डिंकानं चिकटवलं का?"

एरवी आप्पांनी मला उभं सोलून काढलं असतं. त्या दिवशी त्यांनी नुसती बिजागरी उचलली, मोडलेली बाजू उन्हाकडं धरली. मीही वाकून बघितलं. वरनं जोड चकाचक, आत नुसती भोकं. अनारशाला जाळी पडते ना, तशी.

त्यांनी त्या जाळीवर अंगठा फिरवला. मग विचारलं, "ताई, इंद्रजितची टोळी निघाली का?"

इंद्रजित म्हणजे आमच्या भागातला मुकादम. बारा कोयते घेऊन तो माळशिरसच्या बाजूच्या कारखान्याला निघाला होता. एक कोयता म्हणजे नवराबायकोची एक जोडी, माणसं मोजायची नाहीत, कोयते मोजायचे, अशी ही रीत. मी सांगितलं, निघाली की, सकाळी आठला मीच नारळ फोडून आले. पुढच्या ट्रॉलीत गडी, भांडी, शेळ्या. मागच्या ट्रॉलीत बाया आणि लेकरं, गाठोड्यांवर बसलेली. घड्याळात पावणेदहा झाले होते.

"का हो?"

"काय न्हाय," म्हणाले, आणि मशीनचं बटण दाबलं.

टक. फट. फट. टक. भज्यांचा आवाज नाहीच. तार मध्येच थांबायची, मध्येच उडी मारायची. आप्पांच्या कपाळावर घाम दिसायला लागला, आणि शेडमध्ये अजून ऊन आलं नव्हतं.

मी खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं. परवा इंद्रजितच्या मागच्या ट्रॉलीची दांडी तडकली होती. पुढच्या ट्रॉलीला मागची जिनं अडकवतात ती दांडी. असलं जड काम आप्पा रॉडनंच करतात. पण इंद्रजित म्हणाला, वायरनं मारा, उरकतं बी लवकर आन् दिसतं बी देखणं. आप्पांनाही नव्या मशीनवरचा हात दाखवायचा होता. ह्याच मशीननं जोडली.

आता प्रश्न एकच होता. मशीन बिघडली कधी? काल बिघडली असेल तर फक्त माझी बिजागरी गेली. परवाच बिघडलेली असेल, तर बारा बाया आणि नऊ लेकरं त्या जाळीवर बसून चालली होती.

मी इंद्रजितला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. ट्रॅक्टरवर गाणी लावलेली असतात, छातीत धडधडेल इतक्या आवाजात, त्यात फोन कुठला ऐकू येतोय. द्वारकाबाईचा फोन बंद. द्वारकाबाई आमच्या संघटनेची जुनी बाई, बावीस हंगाम केलेली. चार्जिंग वाचवायला ती फोन बंद करून पोलक्यात ठेवते. मी म्हणाले, आप्पा, चला निघू. ते म्हणाले, थांबा. उगं वाटंत टोळी अडवायची, मुहूर्त मोडायचा, आन् निघाली लाईटच कमी म्हंजे?

खरं सांगायचं तर माणूस मनातल्या मनात लाईटीलाच साकडं घालत होता.

त्यांनी आधी लाईट बघितली. आदल्या सकाळी विजेचा दाब कमी होता, शेताकडच्या मोटारी सुरू झाल्या की तसं होतं. आज बरोबर होता. मग अर्थिंगचा चिमटा काढून घासला, लोखंडाला नवीन जागी लावला. टक. फट. टॉर्चच्या तोंडाची तांब्याची टिप बदलली, तिचं भोक झिजलं की तार डुगडुगते. नवीन टिप लावूनही तेच. गॅस ऐकला, कानाशी टॉर्च धरून, शिटी नीट होती. पायपाला कुठं मोड पडलाय का म्हणून तो सगळा सरळ करून अंगणात सापासारखा लांब पसरला. तेच.

"परवा असा आवाज होता का?" मी विचारलं.

त्यांनी रोलर आवळले. बटण दाबलं, तशी तार पुढं जाईना आणि रोलरच्या मागंच गोळा व्हायला लागली. बघता बघता चिमणीच्या घरट्याएवढा गुंता. पक्कड घेऊन त्यांनी तो कापून काढला.  

"परवा असा आवाज होता का, आप्पा?"

"थोडी फटफट व्हती," ते म्हणाले. "म्या लाईटीवर ढकललं."

मी पुन्हा फोन लावला. वाजत राहिला.

मग त्यांनी शेवटचं काम केलं. पायपाच्या आत स्प्रिंगसारखी एक लांब बारीक नळी असते, तार तिच्यातनं सरकते. तिला लायनर म्हणतात. ती ओढून काढायची म्हणजे निम्मी मशीन खोलायची, म्हणून कुणी तिच्या वाटेला जात नाही. आप्पांनी ती काढली, उभी धरली आणि फरशीवर आपटली. एकदा, दोनदा. खाली चिकट चिखल पडला. काळी लोखंडाची भुकटी, आणि त्यात लाल, पिवळं.

मी बोट लावलं. तेल होतं. वास तिळाच्या तेलाचा.

उमादेवीकाकू चहा घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी त्या चिखलाकडं बघितलं आणि कप खाली ठेवले.

"खंडेनवमीचं हाय ते," म्हणाल्या. "म्या म्हणलं व्हतं, भाईरनं लावा."

आता हे समजून घ्यायला आप्पांच्या उस्तादाकडं जावं लागतं. उस्तादाची मशीन जुन्या घडणीची, पोटात तेल भरलेली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आपल्याकडं हत्यारांची पूजा होते. उस्ताद त्या दिवशी मशीनमध्ये ताजं तेल घालायचा, तेलाच्या फडक्यानं अंगभर पुसायचा आणि जिथनं तिला काम दिसतं तिथं, म्हणजे तोंडाला, हळदकुंकू लावायचा. त्या मशीनला ते मानवायचंही. आप्पांनी ती रीत उचलली आणि तीस वर्षं रॉडच्या मशीनवर चालवली, काही बिघडलं नाही. यंदा वायरची मशीन घरात रुळली, आपली झाली, म्हणून तिचाही मान करायचा ठरवलं. झाकण उघडलं. रोलर तेलानं पुसले. रीळ तेलानं पुसलं. आणि तार जिथं आत शिरते त्या भोकाला हळदकुंकवाचं बोट भरून लावलं. मशीन सुरू झाल्यावर तारेनं ते सगळं आत ओढून नेलं. तेलानं रोलर घसरायला लागले, कुंकवानं नळी बुजली, आणि तारेवरचं तेल जोडात जळून त्याचे बुडबुडे झाले.

भर सभेत असल्या गोष्टींवर मी तोंडसुख घेते, लोक टाळ्या देतात. त्या दिवशी त्या माणसाच्या चेहऱ्याकडं बघून मी फडकं घेतलं आणि फरशी पुसायला लागले. त्यानं मशीनला घरच्या लक्ष्मीसारखं वागवलं होतं. आणि खंडेनवमी परवाच्या आधी येते. म्हणजे दांडीचा जोड कच्चाच होता.

आप्पांनी पोत्यात हातोडा टाकला, एक साखळी, दोन बोल्ट, रॉडचं एक पुडकं. माझ्या स्कूटीवर मागं बसले. काकूंनी विचारलं, कुठवर जाताय? त्यांना उत्तर द्यायला आम्ही थांबलो नाही.

टोळी येरमाळ्यावरनं येडशीला जाणार होती, तिथं आणखी दोन कोयते चढायचे होते. येडशीतनं बार्शीचा रस्ता रामलिंगाच्या घाटानं खाली उतरतो. मला ठाऊक नव्हतं ते आप्पांनी मागं बसून कानात सांगितलं, आणि न सांगते तर बरं झालं असतं. ट्रॉलीला ब्रेक नसतो. चढावर पुढची मागचीला ओढते, जोडावर एकसारखा ताण. उतारावर मागची पुढचीला ढकलते, मग हिसका, मग ढकल, मग हिसका. कच्चा जोड चढाला टिकतो, उताराला सुटतो. आणि सुटलेली ट्रॉली सरळ जाते, वळण असो नसो.

हायवेवर मी कधी नव्हे इतकी स्कूटी पळवली. येरमाळ्याच्या अलीकडं रस्त्यात गर्दी दिसली, माणसं वाकून काहीतरी बघत होती.  आप्पांनी माझा खांदा असा धरला की संध्याकाळपर्यंत वळ होता. जवळ गेलो तर टेम्पोतनं टमाट्याचे क्रेट सांडले होते. येरमाळ्याला एका चहावाल्याला विचारलं, निळा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, गाणी? म्हणाला, तासभर झाला असंल. दर दोन मिनिटांनी आप्पा विचारायचे, ताई, अजून किती? मीही प्रत्येक वेळी सांगायचे, आलंच.

येडशीत बार्शी फाट्याच्या पुढं टोळी सापडली. ट्रॅक्टर सुरूच होता, गाणं सुरूच होतं. नवीन कोयत्यांची गाठोडी चढून झाली होती आणि इंद्रजित ड्रायव्हरला हात करत होता. मी स्कूटी ट्रॅक्टरच्या पुढं आडवी घातली.

आप्पा कुणाशी न बोलता मागच्या ट्रॉलीच्या दांडीपाशी बसले आणि जोडावर हातोडा मारला. इंद्रजित धावत आला. ऐन निघताना लोखंडावर घाव घालतो म्हणून आधी त्यालाच राग आला. मी काय झालं ते सांगितलं. तो हसला. म्हणाला, वाशीपासनं हितवर आली न्हवं? मग खाली बी जाईल. उद्या हजर व्हायचंय, कारखाना थांबत न्हाय.

आप्पांनी दुसरा घाव घातला. तिसरा. जोड हलला नाही. वरनं तो गुळगुळीत, देखणा, बोट फिरवावं असा. गडी जमा झाले, कुणीतरी खिदळलं.

"बगा आप्पा," इंद्रजित म्हणाला, "तुमच्या हातचं तुमालाच तुटंना. आता तरी जाऊ द्या."

मी त्याला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही, आणि त्याचा काही उपयोगही झाला नाही. जोड मोडला असता तर सगळं सोपं होतं. तो मोडत नव्हता. आप्पांकडं दाखवायला काहीच नव्हतं, फक्त स्वतःचं तोंड होतं. आणि त्या तोंडानं तीस वर्षं एकच वाक्य म्हटलं होतं.

ते उठून उभे राहिले. आधी गाणं बंद करायला सांगितलं. ते बंद झाल्यावर इतके हळू बोलले की गडी पुढं सरकले.

"ह्यो जोड कच्चा हाय. म्या केलाय म्हनून सांगतो. वरनं गोड दिसतोय, आतनं पोकळ हाय. दुसऱ्याचा असता तर म्या बी म्हणलं असतं, जाऊ द्या."

 वरनं, गाठोड्यांवरनं, द्वारकाबाईनं विचारलं, "आप्पा, तुमची लेक हितं बसली असती तर?"

"उतरवली असती."

द्वारकाबाईनं आधी गाठोडं खाली टाकलं. मग नातू माझ्या हातात दिला. मग साडी खोचून स्वतः उतरली आणि रस्त्याच्या कडेला मांडी घालून बसली. तिच्या मागोमाग दुसरी उतरली, मग तिसरी, मग सगळ्या. इंद्रजित ओरडत होता, हंगामाचा पहिलाच दिस, अवदसा, काय काय. बाया तंबाखू मळत बसल्या. रिकामी ट्रॉली घेऊन कारखान्यावर जाता येत नाही, एवढं त्यालाही कळत होतं.

जवळच एका गॅरेजवाल्याकडं रॉडची मशीन होती. आप्पांनी त्याच्याकडनं आधी ग्राइंडर मागून घेतला आणि स्वतःचाच जोड कापला. पापुद्रा निघाला आणि आतली भोकं दिसली. इंद्रजितनं खाली बसून एका भोकात करंगळीचं नख घातलं. ते आत गेलं. नख बाहेर काढून तो उठला आणि ट्रॉलीला टेकू द्यायला गडी बोलावले. त्यानंतर त्याचा आवाज चढला नाही.

दोन तास आप्पा दांडीखाली उताणे पडून होते. रॉडचे तीन थर दिले. प्रत्येक थरावरची जळकी खपली टोचून टोचून काढली, प्रत्येक थर मला बघायला लावला, जशी काही मी परीक्षक. शेवटी वरनं साखळी घालून बोल्ट आवळले, म्हणजे जोड दगा देईल तर साखळी धरेल. काम संपल्यावर त्यांनी द्वारकाबाईला विचारलं, डबीत चुना हाय का. तिनं तंबाखूची डबी पुढं केली. आप्पांनी थंड झालेल्या जोडावर बोटानं पातळ चुना सारवला. वाळून पांढरा झाला.

"लोखंडाला केसाएवढी भेग पडली तरी ह्याच्यावर काळी रेघ दिसंल," त्यांनी तिला सांगितलं. "जिथं थांबाल तिथं बगायचं. रेघ दिसली की बाया खाली, आन् फोन मला. मुकादमाला न्हाय, मला."

पुन्हा सगळे चढले. आप्पाही मागच्या ट्रॉलीत चढले, बायांच्यात, एका गाठोड्यावर. इंद्रजित म्हणाला, आप्पा, तुमी कुठं? ते म्हणाले, घाट उतरूस्तवर.

मी स्कूटीवर मागं राहिले. त्या घाटात माकडं कठड्यावर बसलेली असतात, झाडी दाट आहे, लोक गाडी थांबवून बघतात. मी काही बघितलं नाही. मला ट्रॉलीचा मागचा पत्रा दिसत होता आणि त्यावरनं आप्पांची टोपी. वळण आलं की ट्रॉली पुढचीला धक्का द्यायची, खण्णकन साखळी वाजायची, मी ब्रेक दाबायची आणि टोपी आहे का बघायची. लेकरं हसत होती. त्यांना तो हिसका म्हणजे पाळणा. खाली सपाटीला लागल्यावर ट्रॅक्टर थांबला. आप्पा उतरले आणि वाकून चुना बघितला. पांढरा होता. तरी थुंकी लावून बोटानं कड पुसून बघितली.

आम्ही स्कूटीवर परतलो. घरी काकूंनी जेवायला वाढलं, ते त्यांनी तसंच ठेवलं. दसऱ्यानंतर त्या मशीननं जिथं जिथं काम केलं होतं तिथं दुसऱ्या दिवशी स्वतः गेले आणि लोकांना न विचारता जोड कापायला लागले. एका बाईनं तर चोर समजून आरडाओरडा केला.

पण मन तिथं नव्हतं. फोन खिशात न ठेवता हातात धरायचे. पहिल्या संध्याकाळी द्वारकाबाईचा आला, पंढरपूरच्या अलीकडनं. चुना साबूत हाय. आप्पांनी तिला परत जाऊन बॅटरी लावून बघायला लावलं. ती शिव्या देत गेली, बघितलं, परत सांगितलं, साबूत. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फोन आला नाही. आप्पा आमच्या कार्यालयात येऊन बसले, नवीन बिजागरीचं दार उघडत झाकत. मी लावला, बंद. इंद्रजितचाही बंद. तीन वाजले, चार वाजले. मी त्यांना म्हणत होते, रेंज नसंल, चार्जिंग नसंल. आणि टेबलाखाली माझा पाय हलत होता.

पाचला फोन वाजला. आप्पांनी उचलला आणि मला ऐकू यावं म्हणून मोठा केला.

"पोचलो," द्वारकाबाई म्हणाली. "ट्रॉली सोडलीया. झोपडी बांधायलोय. चुना हाय तसा हाय, आता पुसू का?"

"नगं," आप्पा म्हणाले. "ऱ्हाऊ द्या. अजून माघारी यायचंय."